फक्त जीवामृतावर घेवडा पिवळा का पडतो?

प्रश्न असा आला आहे: पुरंदर तालुक्यात २० गुंठे मध्यम काळी जमीन, ठिबक, दोन देशी गायी. दोन हंगाम रासायनिक खत पूर्ण बंद करून झुडपी घेवडा, म्हणजे बाजारातली फरसबी, घेतली. दर दहा दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत, सोडलं. तरीही महिन्याच्या आत झाडं फिकी पडतात, फुलं धरतात पण शेंग आखूड आणि तोडे दोनच निघतात. शेजारी म्हणतात, कडधान्याला कशाला खत? शेणखत आणि द्रवखतांवर घेवडा कायमचा जमेल की नाही?

जमेल. मात्र शेजाऱ्यांचं म्हणणं आणि तुमचं जीवामृताचं वेळापत्रक, दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत: कडधान्य आहे, नत्र (नायट्रोजन) ते हवेतून घेईल, आपण फक्त जिवाणू जागते ठेवायचे. चवळी, तूर, हरभरा, वाल यांना ही समजूत बऱ्यापैकी लागू पडते. अलिबाग-पेणकडे भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर वाल येतो, त्याला कुणी खताचं बोट लावत नाही. घेवड्याचं तसं नाही. फरसबी, राजमा, कोरेगावचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातकुळीची पिकं आणि ती मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतली. त्यांच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी करणारा रायझोबियम जिवाणू वेगळा आहे आणि आपल्या जमिनीत तो भरवशाचा नाही. त्यात हे पीक घाईचं. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत पहिला तोडा. गाठी जेमतेम कामाला लागतात तोवर झाड फुलावर आलेलं असतं. म्हणूनच हरभऱ्याला हेक्टरी २५ किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते आणि राजम्याला ९० ते १२० किलोची. हा फरक उगाच नाही.

तर घेवड्याला खाऊ घालावं लागतं. ते शेणामातीतून घालता येतं, पण त्याचा हिशेब आधी मांडायला हवा.

त्याआधी झाड तपासा, कारण पिवळेपणाची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. खालची, जुनी पानं आधी फिकी होऊन वर नवी पानं त्यामानाने हिरवी असतील तर नत्र कमी पडतंय. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते लोह आहे, नत्र नव्हे. चुनखडीच्या जमिनीत घेवड्याला लोह आणि जस्त उचलायला जड जातं, तिथे कितीही शेणपाणी घातलं तरी रंग येत नाही. आणि दुपारी झाड मान टाकत असेल, ठिबकखाली कायम चिखल असेल, तर मुळांना हवा नाही. हे तिसरं कारण ठिबकवाल्यांकडे फार दिसतं, कारण वरून कोरडं दिसलं की माणूस पुन्हा कॉक उघडतो.

मग मुळं बघा. पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांनी, वाफसा (माती चिखल नाही, कोरडीही नाही) असताना, कुदळीने बाजूने माती सैल करून चार-पाच झाडं मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीभर पाण्यात ढेकूळ तसंच ठेवा, माती आपोआप विरघळू द्या, मग हलक्या हाताने मूळ धुवा. मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती बसून खातेय. झाडागणिक दहा-वीस गुलाबी गाठी मिळाल्या तर घेवड्याच्या मानाने छान समजा. हे करताना एक घोळ होतो: सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठींनाच लोक नत्राच्या गाठी समजतात आणि खूश होतात. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने टिचकी मारली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ते तोडल्याशिवाय निघत नाही. अशी मुळं निघाली तर प्रश्न खताचा उरत नाही. त्या तुकड्यात पुढच्या हंगामात झेंडू घ्या, निंबोळी पेंड वाढवा आणि घेवडा, टोमॅटो, वांगी, भेंडी वर्ष-दोन वर्षं तिथे नेऊ नका.

गाठीच नसतील तर बीजप्रक्रिया पाहा. रायझोबियमचं पाकीट घेताना कोणत्या पिकाचं आहे ते वाचा. सोयाबीनचं पाकीट घेवड्याला उपयोगाचं नाही, हरभऱ्याचंही नाही. दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणाला तरी घेऊ नका. घेवडा-राजम्यासाठीचं वेगळं मिळतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक नत्र स्थिरीकरणाचं काम चालतं, तिथे किंवा विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर विचारा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा, त्यात पाकीट कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं (घेवड्याचं टरफल पातळ असतं, रगडलं की सालटं निघतात) आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावणार असाल तर तो आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी. विकतचं बियाणं गुलाबी-निळ्या औषधाने रंगवलेलं असेल तर त्यावर रायझोबियम लावणं म्हणजे पाकीट वाया. एकतर औषध न लावलेलं बियाणं मागा, नाहीतर रायझोबियम चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत टाका.

आता जीवामृत. त्याची कृती बहुतेकांना पाठ आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकरांनी ते घराघरात पोचवलं आणि एकरी २०० लिटर हे माप सांगितलं. त्यात नत्र किती निघतं ते मोजू. ताज्या शेणात सुमारे ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे १० किलोत ३०-४० ग्रॅम. गोमूत्रात पाऊण टक्का धरला तर १० लिटरमध्ये ७५-८० ग्रॅम. बेसन २ किलो, त्यातल्या प्रथिनांचा हिशेब लावला तर ७० ग्रॅमच्या आसपास. गुळात काही नाही. सगळं मिळून ड्रमभर जीवामृतात २०० ग्रॅमही नत्र भरत नाही. तुमच्या २० गुंठ्यांना अर्धा ड्रम, म्हणजे एका वेळेला १०० ग्रॅम. पाव किलो युरियापेक्षाही कमी. हंगामात सहा वेळा दिलंत, तरी ६०० ग्रॅम.

पिकाला लागतं किती? २० गुंठ्यांत दीड टन शेंग निघाली असं धरू. हिरव्या शेंगेत प्रथिनं दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नत्र साधारण ०.३ टक्के. शेंगेतूनच साडेचार-पाच किलो नत्र शेताबाहेर जातं. पाला, खोड, मुळं उभी करायला जवळजवळ तेवढंच आणखी. म्हणजे १० किलोच्या घरात. जमीन स्वतःचं थोडं देते, पण दोन हंगाम तिच्यात काही घातलंच नसेल तर तीही किती देणार? १० किलोच्या गरजेला ६०० ग्रॅम, त्यात पिवळेपणाचं उत्तर आहे.

याचा अर्थ जीवामृत कुचकामी असा नाही. ते विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजायला शेणखत, पाला, मुळं असतील तर जिवाणूंची फौज ते फोडून पिकाला देते आणि तिथे जीवामृताचा फरक दिसतो. सेंद्रिय कर्ब नसलेल्या, उन्हाळाभर उघडी पडलेल्या जमिनीत तेच जीवामृत ओतलं तर जिवाणूंनाच खायला मिळत नाही. ‘त्याच्या शेतात चाललं, माझ्या शेतात नाही’ ही तक्रार इथून येते. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय (आता सेंद्रिय व नैसर्गिक) शेती केंद्राचा वेस्ट डिकंपोझर आणि गूळपाणी यालाही हेच लागू. ते खत नाही, कुजवायचं साधन आहे. काडीकचऱ्याच्या ढिगावर वापरा, तिथे त्याचं चीज होतं.

दूध कुठून आणायचं? घेवड्यासाठी माझा पहिला भर तागावर असतो. तुम्ही रब्बीत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये घेवडा लावत असाल तर जूनच्या पावसावर २० गुंठ्यांत १०-१२ किलो ताग फेकून द्या. ४५-५० दिवसांत, फुलकळी दिसू लागली की रोटाव्हेटरने किंवा नांगराने गाडा. फुलं सुटून खोड लाकडी होईपर्यंत थांबलात तर तो कुजायला वेळ घेतो आणि कुजताना जमिनीतलंच नत्र ओढतो. तीन-साडेतीन टन हिरवा पाला पडला तर त्यात १४-१५ किलो नत्र असतं. सगळं पहिल्या पिकाला मिळत नाही, पण पाच-सहा किलोची आशा धरायला हरकत नाही. गाडल्यावर तीन आठवडे तरी जाऊ द्या, मग पेरा. लगेच पेरलं तर कुजत्या पाल्याच्या उष्णतेने आणि बुरशीने घेवड्याचं रोप मान टाकतं.

दुसरं शेणखत. २० गुंठ्यांना तीन टन, म्हणजे ढोबळमानाने ट्रॅक्टरची एक भरलेली ट्रॉली. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरतात, म्हणजे १५ किलो. पहिल्या हंगामात त्यातलं तिसरा हिस्सा मिळालं तरी पुष्कळ. उरलेलं पुढच्या पिकाला. दरवर्षी घालत गेलात की मागचं आणि पुढचं असं दोन्ही मिळून भागतं, म्हणून सेंद्रियात पहिली दोन वर्षं अवघड आणि नंतर सोपं जातं.

खरं दुखणं शेणखताच्या प्रतीचं आहे. आपल्याकडे उकिरडा वर्षभर उन्हात पडलेला, वरून वाळलेला, आत कच्चा. पेरणीच्या आठवड्यात तो ओढून शेतात पसरायचा. अशा कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या शेतात जातात, हरळी-लव्हाळ्याचं बी जातं आणि ते शेतात कुजताना पिकाचंच नत्र खातं. खत तयार झालंय का, हे हाताला कळतं. मूठभर घेऊन दाबा: बोटांमधून पाणी येऊ नये, मूठ उघडल्यावर गोळा हलक्या धक्क्याने फुटावा, वास पहिल्या पावसाच्या मातीचा यावा. काडी ओळखू येत असेल, शेणाचा किंवा अमोनियाचा वास येत असेल तर थांबा. मार्च-एप्रिलमध्ये ढीग सावलीत घ्या, पाणी मारून ओला करा, ट्रायकोडर्मा आणि थोडं जीवामृत शिंपडा, पाचटाने झाका, महिन्याने एकदा उलथा. तीन महिन्यांत फरक दिसेल. लोहाची अडचण असेल तर फेरस सल्फेट याच ढिगात मिसळून दोन-तीन आठवडे मुरवून द्या, नुसतं जमिनीत टाकलं तर चुनखडीत ते अडकून बसतं. सेंद्रिय प्रमाणपत्र काढत असाल तर असं सूक्ष्म अन्नद्रव्य वापरण्याआधी प्रमाणीकरणवाल्यांची परवानगी घ्या.

शेणखत पुरत नसेल तर तुमच्या भागात एक जुनी सोय अजून जिवंत आहे: मेंढरं बसवणे. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले धनगर उन्हाळा सरता सरता घाटावर परततात. त्यांना धान्य किंवा पैसे देऊन चार-पाच रात्री रानात वाडा बसवून घ्या. लेंडीखतात शेणखतापेक्षा नत्र बरंच जास्त, शिवाय मूत्र थेट जमिनीत मुरतं, वाहतूक शून्य. फक्त त्यानंतर लगेच उथळ कुळवणी करा, नाहीतर उन्हाने निम्मं नत्र उडून जातं.

साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) स्वस्त मिळते म्हणून बरेच जण आणतात. कुजलेली असेल तर उत्तम. ताजी मळी मात्र तापते, रोपं जाळते. ती सहा महिने ढिगात ठेवायची तयारी असेल तरच आणा. कोंबडीखताचंही तसंच. त्यात नत्र भरपूर, पण क्षारही भरपूर, आणि घेवडा क्षाराला अतिशय नाजूक. ताजं कोंबडीखत घेवड्याला देऊच नका.

पेंडींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शेणखत आणि द्रवखत यांच्यामधली जागा त्याच भरतात. निंबोळी पेंडीत चार-पाच टक्के नत्र, सुटतं सावकाश आणि सूत्रकृमींना थोडा आळा बसतो. पेरणीच्या ओळीत २० गुंठ्यांना ५०-६० किलो पुरे. भुईमुगाच्या पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास, पण ती महाग आणि जनावरांच्या तोंडची. एरंडीची पेंड स्वस्त पडते, नत्र चार-पाच टक्के, पण ती जनावरांना विषारी आहे. गोठ्याजवळ पोतं ठेवू नका, गाय सुटून तोंड घालेल. सरकीची पेंड प्रमाणपत्रवाल्यांनी टाळावी, कारण आपल्याकडचा कापूस जवळपास सगळा बीटी आणि जनुकबदल पिकाचं काहीही सेंद्रिय मानकात बसत नाही.

एवढं जमिनीत असलं की मग द्रवखतांचं काम सुरू होतं, आणि रब्बीत ते महत्त्वाचं असतं. थंडी पडली, जमीन गार झाली की शेणखतातून नत्र सुटणं मंदावतं. नेमकं त्याच वेळी, तीन ते पाच आठवड्यांच्या दरम्यान, घेवड्याला सगळ्यात जास्त भूक असते. जमिनीत आहे पण मिळत नाही, अशी स्थिती. तेव्हा तयार नत्र मुळाशी पोचवणं हेच द्रवखताचं खरं काम.

तुमच्याकडे त्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट रोज गोठ्यात वाहून जातेय. दोन गायींचं दिवसाचं दहा-बारा लिटर मूत्र. सगळं हाती लागणार नाही, पण गोठ्याला थोडा उतार आणि कडेला नाली करून निम्मं जरी डब्यात आणलंत तरी महिन्याला दीडशे लिटर होतं. जीवामृतात १० लिटर घालून उरलेलं सांडू देणं हे उलटं गणित आहे. डबा झाकणबंद ठेवा. उघड्या डब्याला जो झणझणीत वास येतो ते तुमचं नत्रच हवेत चाललेलं असतं. देताना एका वेळेला २०-२५ लिटर गोमूत्र दहापट पाण्यात पातळ करून, जमीन ओली असताना, खोडापासून चार बोटं लांब. पानावर फवारायचं असेल तर वीसपट पातळ आणि संध्याकाळी. घेवड्याचं पान मऊ, दुपारच्या फवारणीने कडा करपतात आणि लोक करपा समजून औषध मारत बसतात.

पेंडेचं पाणी असं करतो: १० किलो भुईमूग किंवा एरंडी पेंड फडक्यात सैल बांधून १०० लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, तोंडाला गोणपाट बांधायचं नाहीतर माश्यांचं राज्य होतं. वास आंबूस येतो तोवर ठीक. कुजक्या अंड्यासारखा येऊ लागला म्हणजे आत हवा संपली. ते पाणी रोपांना देऊ नका, दोन दिवस उघडं ठेवून भरपूर ढवळा किंवा कंपोस्टच्या ढिगावर ओता. चांगलं झालेलं पाणी पाचपट पातळ करून २० गुंठ्यांना द्या. खाली उरलेला चोथा शेणखताच्या ढिगात. १० किलो पेंडीत अर्धा-पाऊण किलो नत्र असतं, चोथ्यात राहतं तेवढं सोडून बाकीचं या पाण्यातून जातं. जीवामृताच्या एका पाळीशी ताडून पाहा.

माझा क्रम साधारण असा असतो. पेरणीच्या ओलीला जीवामृत, कारण तेव्हा गाडलेला ताग आणि शेणखत फोडायचं असतं. पंधराव्या दिवसाच्या आसपास, तिसरं पान उलगडलं की गोमूत्र. बाविसाव्या-पंचविसाव्या दिवशी पेंडेचं पाणी. आठवडाभराने पुन्हा गोमूत्र किंवा पेंडेचं पाणी, झाडाच्या रंगाकडे बघून. मधल्या एखाद्या पाण्याबरोबर जीवामृत. दिवस कॅलेंडरवरून नाही, झाडावरून ठरवा. डिसेंबरच्या थंडीत सगळं आठवडाभर पुढे सरकतं.

फुलं दिसू लागली की नत्राचं पाणी बंद. हे पाळलं जात नाही, कारण फुलं आली की माणसाला वाटतं आता खरी गरज. त्या वेळी नत्र दिलं की झाड पुन्हा पाल्यावर जातं, फुलं गळतात, कोवळा शेंडा मावा बोलावतो आणि माव्यामागून मोझॅक हा विषाणूरोग येतो. मोझॅक आला की त्यावर उपाय नाही, झाड उपटून टाकायचं. पहिल्या दोन तोड्यांनंतर झाड थकलेलं दिसलं तर मात्र एक हलकं गोमूत्रपाणी जमिनीतून द्या, पुढचा बहर धरतो. फुलोऱ्यात व्हर्मीवॉश (गांडूळखतातून निथळलेलं पाणी) दहापट पातळ करून फवारला तर चालतो. त्याने चमत्कार होत नाही, पण नुकसानही नाही. केळीच्या खुंटाचा रस आंबवून केलेलं द्रवखतही या टप्प्याला बरं, त्यात पालाश (पोटॅश) असतं. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर चांगलं काम केलंय. तुमच्या आसपास केळी नसेल तर त्यासाठी जळगाव गाठायची गरज नाही. काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसं असतं. राख मात्र तुमच्या जमिनीत टाळा, ती चुनखडी वाढवल्यासारखी होते. कोकणातल्या लाल, आम्ल जमिनीत राख चालते. रॉक फॉस्फेटचंही तेच: आम्ल जमिनीत विरघळतं, तुमच्याकडे तसंच पडून राहील. घालायचंच तर शेणखताच्या ढिगात स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंबरोबर कुजवून घाला.

ठिबकमधून द्रवखत सोडताना ड्रममधलं पाणी रात्रभर न ढवळता निवळू द्या, वरचं दोन-तृतीयांश काढा, दुहेरी सुती कापडातून गाळा, मग व्हेंचुरीने (द्रवखत ठिबकच्या पाण्यात ओढून घेणारं साधन) सोडा. आधी अर्धा तास साधं पाणी, मध्ये द्रवखत, शेवटी पुन्हा साधं पाणी आणि लॅटरलची (ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोकं उघडून गाळ बाहेर. शेवटचं काम कंटाळून टाळलं जातं आणि मग ओळीच्या टोकाची झाडं पिवळी राहतात. तुमच्या शेतात पिवळेपणा टोकाकडे जास्त आहे का, हे एकदा बघा. असेल तर निम्मा प्रश्न ड्रिपरमध्ये आहे.

खाणाऱ्याच्या बाजूचंही एक. ताज्या शेणात माणसाला बाधणारे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय मानकात कच्चं शेण आणि काढणी यात, शेंग-फळ मातीला लागत नसेल तरी, ९० दिवसांचं अंतर सांगितलंय. मातीला लागत असेल तर १२० दिवस. आपला घेवडा ५० दिवसांत तोडणीला येतो आणि झुडपी घेवड्याच्या खालच्या शेंगा मातीलाच टेकतात. तेव्हा ताजं शेण शेतात नको, फक्त कुजलेलं. जीवामृत जमिनीतून, तेही फुलोऱ्याच्या आत. शेंगांवर शेणाचा कोणताही द्राव फवारू नका. ओळींत पाचटाचं आच्छादन पसरलंत तर शेंगाही मातीपासून वर राहतात. पाचट वरच राहू द्या, मातीत मिसळलं तर ते कुजताना नत्र खातं. पुण्याच्या आठवडे बाजारात ‘विषमुक्त’ म्हणून विकणार असाल तर गिऱ्हाईकाला हे सांगता आलं पाहिजे.

बाटलीतली ‘सेंद्रिय टॉनिकं’ घ्यायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी विकायला येईलच. फेब्रुवारी २०२१ पासून जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबलवर घटक, त्यांचं प्रमाण आणि परवाना छापलेला नसेल तर दारातूनच परत पाठवा. आठ दिवसांत पीक काळंशार करणाऱ्या बाटलीत बहुधा युरिया असतो किंवा त्याहून वाईट काही.

तोडे संपले की झाडं उपटू नका. विळ्याने जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या, पाला गायींना घाला. त्या रानात पुढे मेथी, कोथिंबीर, कांदा किंवा मका घ्या. घेवड्यामागे घेवडा नको, खोडमाशी आणि मूळकुज दोन्ही साठत जातात.

ताग पेरण्याआधी माती तपासाल तेव्हा विहिरीच्या पाण्याची बाटलीही बरोबर न्या आणि ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप (डेसीसायमन प्रति मीटर), मोजून घ्या. पाण्याचा ईसी ०.७ पर्यंत असेल तर घेवडा बिनघोर लावा. १ झाला की उत्पादन दहा टक्क्यांच्या आसपास घटतं आणि उन्हाळ्यात विहीर खाली गेली की आकडा वर चढतो. २ च्या पुढे असेल तर वरचं सगळं करूनही घेवडा हसणार नाही. तिथे चवळी लावा, ती ३ पर्यंतचं पाणी मुकाट सोसते आणि नत्राचा वरचा हिशेब तिला लागतही नाही.